मदत हवी आहे: अभिलेखपालाच्या नोकरीला भवितव्य आहे का? (नागपूर)

रामदासपेठकर
आमच्या अभिलेख कक्षातील सर्व कागदपत्रांचे स्कॅनिंग दिवाळीपर्यंत पूर्ण होणार असून त्यानंतर कक्षात केवळ एक संगणकचालक ठेवला जाईल, असे व्यवस्थापनाने तोंडी कळवले आहे. ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी माझ्याकडे आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची पदविका करावी, की हा व्यवसायच सोडून डेटा अ‍ॅनालिटिक्सकडे वळावे, याचे उत्तर याच महिन्यात हवे आहे. ‘आवड असेल ते करा’ असे कृपया कोणी लिहू नये.

निवृत्त_अभिलेखपाल
कार्यालय सरकारी आहे की खासगी, हेच आपण लिहिलेले नाही. सरकारी असेल तर निर्धास्त राहावे. ‘अ’ वर्गाची नस्ती (फाइल) कायम, ‘ब’ वर्गाची 30 वर्षे आणि ‘ड’ वर्गाची एक वर्ष ठेवायची, हे निंदणीकरण, म्हणजे कागदांची वर्गवारी करून नको ते काढून टाकणे, कोणीतरी डोळ्यांखालून घातल्याशिवाय होत नाही. लाल फडक्यातला एकेक गठ्ठा सोडला की जमिनीच्या कायमस्वरूपी आदेशाला चिकटून चहाच्या बिलाची पावती निघत असे. स्कॅनर दोन्हींचे सारख्याच निष्ठेने छायाचित्र काढतो. शिवाय माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार अभिलेखांची सूची ठेवणे बंधनकारक आहेच.

डेटावाला_धरमपेठ
काकांचा अनुभव मोठा आहे, परंतु पावती आणि आदेश यांतील फरक आता कृत्रिम बुद्धिमत्ताही ओळखते. पदविकेत वर्ष घालवण्यापेक्षा पायथन ही संगणकीय भाषा शिकावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त_अभिलेखपाल
ओळखत असेल. चुकीचा कागद नष्ट झाल्यावर खुलासा मात्र तिच्याकडून मागवला जात नाही.

मोडीवाचक
आपण मोडी लिपी शिकावी. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती वानवा आहे ते सर्वांनी पाहिले.

रामदासपेठकर
मोडीचा येथे काहीही संबंध नाही. हे खासगी रुग्णालय आहे. कागद शेवटी कागदच, म्हणून ते वेगळे लिहिले नव्हते.

शुभदा_खामला
दादा, हेच पहिल्या ओळीत हवे होते, कारण सार्वजनिक अभिलेखांचा कायदा खासगी रुग्णालयाला लागू होत नाही आणि वरचे ‘अ-ब-ड’ आपल्या कामाचे राहत नाही. मी स्वतः वैद्यकीय अभिलेख विभागात काम करते. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून किमान 3 वर्षे जपावी लागतात आणि रुग्णाने मागणी केल्यास 72 तासांत द्यावी लागतात. पोलीस प्रकरण असेल तर निकाल लागेपर्यंत मूळ केस पेपरला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा दंडक आहे. स्कॅन न्यायालयात द्यायचे झाल्यास भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र लागते आणि त्यात हॅश मूल्यही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा संगणकीय ठसाही, नमूद करावे लागते. ते कोण भरून देणार, संगणकचालक? त्यातच 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आल्यामुळे काय जपायचे याइतकेच काय पुसायचे हेही कोणीतरी जबाबदारीने ठरवावे लागणार आहे. व्यवस्थापनाला हे प्रश्न लेखी विचारावेत, म्हणजे उत्तरही लेखी येईल.

डेटावाला_धरमपेठ
हॅश काढणे हे एका ओळीच्या आज्ञेचे काम आहे.

शुभदा_खामला
काढणे सोपेच आहे. स्कॅन करताना डिस्चार्ज कार्डाची मागची बाजू सुटली होती का, हे त्या हॅशवरून कळत नाही. ती बाजू कोरी होती की तिच्यावर औषधाचा डोस लिहिलेला होता, हे पाहणारा माणूस लागतो.

रामदासपेठकर
हे सर्व मान्य आहे, पण पदविका करावी की नाही?

निवृत्त_अभिलेखपाल
रुग्णालयातच राहायचे असेल तर करू नये. तो अभ्यासक्रम प्रामुख्याने अभिलेखागारांच्या कामाचा आहे.

शुभदा_खामला
सहमत. त्याऐवजी आजारांचे आयसीडी कोडिंग (प्रत्येक आजाराला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला संकेतांक देणे) आणि वैद्यकीय अभिलेखांचा अभ्यासक्रम पाहावा. विम्याच्या दाव्यांमुळे त्या कामाला मागणी आहे. सध्या आपल्याकडे कोडिंग कोण करते, आणि स्कॅनिंगनंतर मूळ कागद ठेवणार आहेत की रद्दीत देणार आहेत, एवढे सांगितल्यास पुढचे नेमके लिहिता येईल.