अविवाहित भाडेकरू, सोसायटीचा ठराव आणि माझे एक मत

प्रश्न (सभासद, मुलुंड)

आमच्या सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत ठराव येणार आहे की अविवाहित व्यक्तींना सदनिका भाड्याने देऊ नये, आणि रात्री दहानंतर येणारा पाहुणा कोणाकडे व कोणत्या नात्याने आला याची नोंद पहारेकऱ्याने ठेवावी. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या चार तरुणांच्या घरी पहाटेपर्यंत गाणी वाजत आणि शेजारच्या आजारी आजींचा डोळ्याला डोळा लागत नसे. त्यामुळे ठराव आणणाऱ्यांचा त्रास खोटा आहे, असे मी म्हणू शकत नाही. पण माझा मुलगा पुण्यात मित्रांबरोबर भाड्याने राहतो, आणि केवळ लग्न झालेले नाही म्हणून त्याला दोनदा घर नाकारले गेले तेव्हा मी संतापलो होतो. एकत्र राहायचे तर प्रत्येकाने आपल्या इच्छेला मुरड घातली पाहिजे. ती कुठपर्यंत घालायला लावण्याचा अधिकार शेजाऱ्यांना आहे, हे मात्र मला ठरवता येत नाही.

उत्तर (वकील, दादर)

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार उपविधींतील, म्हणजे सोसायटीच्या नोंदणीकृत नियमांतील, दुरुस्ती सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे नोंदवली जाईपर्यंत वैध होत नाही. नुसत्या सभेतील ठरावाने सभासदाचा घर भाड्याने देण्याचा हक्क काढून घेता येईल, असे मला वाटत नाही. मात्र 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व पारशी समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला होता, हेही सांगायला हवे. स्वेच्छेने एकत्र आलेल्यांनी आपले नियम ठरवणे हेही स्वातंत्र्यच आहे, अशी त्यामागची दृष्टी होती. मला ती पूर्णपणे पटत नाही, कारण मुंबईत घर मिळणे ही फारशी ‘स्वेच्छेची’ बाब उरलेली नाही.

आवाजासाठी तर वेगळा नियम करण्याचीही गरज नाही. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती विवाहितांनाही लागू आहे.

उत्तर (निवृत्त, गिरगाव)

मी चाळीत वाढलो. वडील गेले तेव्हा आईला पंधरा दिवस चूल पेटवावी लागली नाही. शेजारून डबे येत होते, आणि आम्हा भावंडांचा अभ्यास समोरच्या काकांनी घेतला. म्हणून समाजाचे नियम म्हणजे निव्वळ जाच, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही.

पण त्याच गॅलरीने माझ्या थोरल्या बहिणीची टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी सोडवली. तिला रात्रपाळी असे. कोणी तिला अडवले नाही, कोणी ठराव केला नाही. ती पहाटे जिना चढू लागली की दारे किलकिली होत, एवढेच. सात महिन्यांनी तिने राजीनामा दिला, आणि आम्ही घरचे त्या वेळी गप्प बसलो, याची खंत मला आजही आहे. तुमच्याकडे निदान नियम लिहून समोर आला आहे आणि त्यावर बोलायला सभा आहे. माझ्या बहिणीला कुठे आणि कोणापुढे बोलायचे, हेच माहीत नव्हते. आपण सभेत अवश्य बोला.

उत्तर (शिक्षिका, विलेपार्ले)

रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. मोठेपणी त्यांनी सासरी जायला नकार दिला, तेव्हा 1884 मध्ये पतीने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. 1887 मध्ये त्यांना पतीकडे जाण्याचा, अन्यथा सहा महिने तुरुंगवासाचा आदेश झाला. त्यांनी तुरुंगात जायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या. त्यांच्या विरोधात उभे राहिलेले अनेक जण दुष्ट नव्हते; विद्वान आणि देशासाठी झिजणारे होते, आणि आपण समाजाची घडी सांभाळतो आहोत असेच त्यांना मनापासून वाटत होते. त्यामुळे सभेत किती हात वर होतात, एवढ्यावरून नियम न्याय्य ठरतो असे मला वाटत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. ठरावाला मी उपसूचना मांडणार आहे : ‘अविवाहित’ हा शब्द आणि नात्याची नोंद वगळावी, आणि रात्री दहानंतरच्या आवाजाबद्दल तक्रार आल्यास घरमालक असो वा भाडेकरू, दोघांनाही सारखीच लेखी सूचना द्यावी. गिरगावच्या काकांचे उत्तर मी पत्नीला वाचून दाखवले. उपसूचनेला अनुमोदन ती देणार आहे.