मदत हवी आहे : शेतमाल भागीदारीत समन्वयकाने कसे वागावे?

शेतकरी गट आणि प्रक्रिया उद्योग यांच्यातील भागीदारी जुळवून ती टिकवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. प्रतवारी, भावाचे सूत्र, पैसे देण्याची मुदत हे सारे करारात लिहिता येते. परंतु बाजारभाव करारातील दराच्या वर गेला की काही जण माल परस्पर विकतात आणि भाव पडला की खरेदीदाराला त्याच मालात अचानक ओलावा जास्त दिसू लागतो, अशा वेळी बोलावलेल्या बैठकीत कोणाचीही बाजू न घेता आणि तोडगा स्वतः न सुचवता नेमके कोणते प्रश्न विचारावेत? निव्वळ वर्गातील प्रशिक्षण याला पुरे पडेल, असे मला वाटत नाही. लुटुपुटीच्या वाटाघाटींचा सराव अधिक उपयोगी ठरतो की अनुभवी समन्वयकासोबत बैठकांना बसणे, तसेच गटाला स्वतः बोलणी जमू लागल्यावर आपण केव्हा मागे सरावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.