'भगवा' आणि 'केशरी' एकच का?

विचारणा : मराठेशाहीच्या झेंड्यावर लेख लिहिताना मी 'भगवा' लिहिलं होतं. मुद्रितशोधनात ते सगळीकडे 'केशरी' झालं. चालेल का?

उत्तर : नाही चालणार, 'भगवा' परत घाला. केशरी हा फुलाचा रंग आहे, भगवा मातीचा. गेरू पाण्यात कालवून त्यात कापड बुडवलं, पिळून वाळवलं की विटकरीकडे झुकणारा जो रंग चढतो, तो भगवा. हाताळताना बोटांना तांबडी पूड लागते, पहिल्या धुण्यात पाणी लाल होतं. गेरू म्हणजे संस्कृत 'गैरिक', 'गिरी'वरून आलेला, डोंगरातला. वारकऱ्यांच्या पताकांचा रंग बघा, हाच आहे. केशरासारख्या महागड्या वस्तूत झेंडे कोण रंगवणार?

'भगवा' हा शब्द 'भगवत्'शी जोडतात. गोसावी-संन्याशांची वस्त्रं ती भगवी. म्हणून 'भगवी वस्त्रं घेतली' म्हटलं की संन्यास घेतला हे वेगळं सांगावं लागत नाही. राज्याच्या निशाणाला हा रंग असणं मला फार मोठं वाटतं, कारण सत्तेच्या माथ्यावर विरक्तीचं कापड आहे. 'केशरी' लिहिलं की हा अर्थच पुसला जातो.

'केसर' म्हणजे मुळात तंतू. फुलातला तंतू तो केसर, सिंहाची आयाळही केसर. टिळकांचा 1881 चा 'केसरी' म्हणूनच सिंह आहे, रंग नव्हे.

तिरंग्याच्या बाबतीत मात्र 'केशरी'च बरोबर. 22 जुलै 1947 च्या घटना समितीच्या इंग्रजी ठरावातही रंगासाठी 'केसरी' (म्हणजे केशरी) हा शब्द आहे. त्याच चर्चेत राधाकृष्णन मात्र 'भगवा' म्हणाले आणि त्याग, निरिच्छता असा त्याचा अर्थ सांगितला. नाव केशरी, अर्थ भगव्याचा!

विचारणा : मग 'जरीपटका' म्हणजे भगव्या झेंड्याचंच दुसरं नाव ना? लेखात मी तसंच धरलंय.

उत्तर : तेही दुरुस्त करा. फारसीत 'जर' म्हणजे सोनं, त्यावरून जर आणि जरी. 'पटका' म्हणजे कापडाचा पट्टा. म्हणजे हे नाव कापडाच्या जरीवरून पडलं, रंगावरून नाही. पेशवाईत जरीपटका ज्याच्या हाती दिला, त्या सरदाराचा तो मोठा मान असे. सरसकट झेंड्याला हा शब्द लावू नये. 'भगवा' म्हणा, नाहीतर नुसतं 'निशाण'; तोही शब्द फारसीच, पण बखरींपासून रुळलेला.