कबड्डी संघनिवडीत हालचाल-चाचणीचे गुण धरावेत का?

रोहेकर_प्रशिक्षक
दिवाळीनंतर रायगड-रत्नागिरीत रात्रीच्या स्पर्धा सुरू होतात. त्याआधी प्रत्येक मंडळाने खेळाडूंची एफएमएस (फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन) ही हालचाल-चाचणी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. खोल बैठक, अडथळा ओलांडणं, लंज (एक पाय पुढे टाकून खाली वाकणं), खांद्याची लवचिकता, सरळ पाय उचलणं, जोर आणि हातागुडघ्यांवरचा तोल अशा सात हालचाली; प्रत्येकी ० ते ३, एकूण २१ गुण. १४ किंवा त्याखाली असेल त्याला संघाबाहेर ठेवावं. २००७ मध्ये अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांच्या अभ्यासातून हीच रेषा निघाली. एका खेळाडूमागे पंधरा मिनिटं जातात. गुडघा गेला तर अख्खा मोसम जातो.

चिपळूण_फिजिओ
सर, तो अभ्यास एकाच व्यावसायिक संघातल्या ४६ जणांचा. त्यावरून आपल्या चढाईपटूला घरी बसवायचं?

बेरीजच फसवी आहे. एकाला सातही हालचालींत २ मिळाले, बेरीज १४. दुसऱ्याला चार ठिकाणी ३, दोन ठिकाणी १ आणि एका ठिकाणी ०, तरी १४च. आणि ० याचा अर्थ हालचाल करताना दुखतंय! त्या दुसऱ्याला आजच तपासायला हवं, पहिल्याला काहीच झालेलं नाही. नॉर्वेत ७०० हून अधिक महिला हँडबॉल-फुटबॉलपटूंची उडी-चाचणी घेऊन पुढे कोणाचं गुडघ्याचं लिगामेंट तुटतं ते पाहिलं. दुखापत झालेल्या आणि न झालेल्या खेळाडूंचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले निघाले की रेषा आखायला जागाच उरली नाही.

रोहेकर_प्रशिक्षक
मग काहीच मोजायचं नाही? डावा-उजवा फरक तरी मोजा. मैदानावर तीन मापपट्ट्या वाय आकारात चिकटवा: एक पुढे, दोन तिरक्या मागे, मागच्या दोघींत ९० अंश. अनवाणी, हात कमरेवर, एका पायावर उभं राहून दुसरा पाय पट्टीवर जमेल तितका लांब न्यायचा; आधी सराव, मग तीन नोंदी. पुढच्या दिशेला दोन पायांत ४ सेंमीहून जास्त फरक असेल तर दुर्लक्ष करू नये. शाळकरी बास्केटबॉलपटूंत अशांना दुखापती जास्त झालेल्या दिसल्या आहेत.

चिपळूण_फिजिओ
ही नोंद जरूर ठेवा. दुखापतीनंतर परतताना तुलनेला तीच उपयोगी पडते. पण संघ त्यावर ठरवू नका. आधी एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षी काय दुखावलं होतं? जुनी दुखापत कुठल्याही चाचणीपेक्षा जास्त सांगते.

देवगड_कोपरारक्षक
दोघांचाही एक मुद्दा राहतोय. कोपऱ्याने घोटा धरला, मधल्याने डॅश (अंगाचा जोरदार धक्का) मारला आणि चढाईपटूचा बूट मॅटला रुतलेला, तेव्हा गुडघा पिळतो. बैठकीच्या गुणांत हे कुठे दिसणार? पावसाळाभर मैदानात चिखल, सराव जवळपास बंद. मग थोडे दिवस मातीवर अनवाणी खेळायचं आणि एकदम मॅटवर एका रात्रीत तीन सामने! मातीवर पाय घसरून सुटतो, मॅटवर अडकतो. बूट घालून मॅटवरचा सराव स्पर्धेआधी किमान चार आठवडे हवा.

चिपळूण_फिजिओ
पटलं. त्याच चार आठवड्यांत नॉर्डिक (मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम) सुरू करा, सगळ्यांनाच. गुडघ्यावर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, पाठ-कंबर सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकायचं. पहिल्या आठवड्यात एकदाच, ५ चे दोन सेट. चौथ्यात तीनदा, ८ ते १० चे तीन सेट. पहिल्याच दिवशी तीस काढले तर मांड्या आखडतात आणि पोरं तो व्यायाम कायमचा सोडतात.

रोहेकर_प्रशिक्षक
व्यायाम सगळ्यांना, कबूल. पण ज्याला ० मिळाला, तो फिजिओने पाहिल्याशिवाय मॅटवर उतरणार नाही. यावर मी मागे हटणार नाही.

चिपळूण_फिजिओ
तिथे मीही हटणार नाही. १४ ची रेषा मात्र निवडीच्या कागदावरून काढा.