पीएचडीचा विषय लवकर निघतो म्हणून घ्यायचा का खरंच काही शोधायचंय म्हणून?

पार्कचौक_कट्टा
सिनॉप्सिसची, म्हणजे पीएचडीच्या संशोधन आराखड्याची, गडबड चालूय सगळीकडं म्हणून लिहितोय, भांडायचं तर खुशाल भांडा. माझं स्पष्ट मत, आपल्याकडं सोशल सायन्सच्या बऱ्याच पीएचड्या विषय ठरतानाच मरतात. "अमक्यांच्या सामाजिक-आर्थिक समस्यांचा चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ सोलापूर जिल्हा." फक्त अमके बदलायचे, कधी विडी कामगार, कधी यंत्रमाग कामगार, कधी डाळिंबवाले. समस्या आहेत हे दत्त चौकात चहा पिता पिता कुणीही सांगेल, त्याला प्रश्नावली कशाला पाहिजे? माझी कसोटी सोपीय, शेवटचं प्रकरण म्हणजे निष्कर्ष आणि शिफारशी आजच बसल्या जागी लिहिता येत असतील तर तो विषय सोडा. शोधगंगावर, म्हणजे थिसिसच्या ऑनलाईन साठ्यावर, नुसतं सोलापूर टाकून बघा, एकासारखी एक शीर्षकं दिसतील.

सीएचबी_मास्तर
वा साहेब, पोट भरलेल्याचं तत्त्वज्ञान. मी तासिका तत्त्वावर शिकवतो, सुट्टी लागली की पगार बंद, आणि तो पगार पण कधी येईल ते कॉलेजलाच माहीत. यूजीसीच्या 2022 च्या नियमात कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, वर दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली तर मिळाली, त्यात कोर्सवर्क, सहा-सहा महिन्याला आरएसीपुढं (संशोधन सल्लागार समिती) प्रेझेंटेशन, आणि गाईड साहेब रिटायरमेंटला टेकलेले. मला लवकर निघणाराच विषय पाहिजे. गाईडनी दिला, घेतला, विषय संपला. आधी पदरात पाडून घ्यायचं, मग काय ते जगाचं भलं करू.

पार्कचौक_कट्टा
मास्तर, राग समजतो. पण जुलै 2023 पासून असिस्टंट प्रोफेसरला नेट-सेट असलं तरी चालतं, पीएचडीची सक्ती उठली की. मग नुसत्या पदरात पाडायला सहा वर्षं कशाला घालवायलास?

सीएचबी_मास्तर
कागदावर उठली. इंटरव्ह्यूला समोरच्याच्या नावामागं डॉक्टर असलं की आपण संपलो, हे तुला माहीत नाही का बे?

विडीघरकुलचा_पोरगा
दोघांचं पण चुकतंय म्हणून मधी पडतो. माझी आई विड्या वळते. आमच्या गल्लीत दर वर्षी कोणतरी फाईल घेऊन येतंच, बहुतेक गोड पोरं-पोरी असतात, आई त्यांना चहा देते. प्रश्न काय तर "आपण आपल्या कामाबाबत समाधानी आहात का: पूर्णतः, अंशतः, नाही." आई मान वर करत नाही, मांडीवर सूप, एका हातात कात्री, पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कापत कापतच "लिवा काय बी" म्हणते, आणि ते खरंच काय बी लिहितात. उरलेले फॉर्म एकदा मी स्वतः एकीला कोपऱ्यावरच्या टपरीवर बसून भरताना बघितलंय. परत कोण आलं नाही, थिसिसमधी काय छापलं ते सांगायला पण नाही.

आता कट्टेवाले, तुमचा तो "खरा प्रश्न" आमच्या घरात कुठं असतो सांगू? छाट. ब्रँचला, म्हणजे कंपनीच्या माल घ्यायच्या ठिकाणी, विड्या दिल्या की मुनीम बोटानं चाळतो आणि ही बारीक, ही फुटकी, ही सैल म्हणून बाजूला काढतो, ती छाट. मजुरी हजार विड्यांवर, म्हणजे हजार भरायला आईला जास्तीच्या वळाव्या लागतात आणि त्याचं पान-तंबाखू पण तेवढ्याच मालातून काढायचं, कमी पडलं तर पदरचं पान विकत घ्यायचं. किती छाट निघते, मोठ्या ऑर्डरच्या टायमाला कमी निघते का, माल पडून असला की वाढते का, पान खराब आलं तर त्याचा भुर्दंड कुणावर, हे आजवर आम्हाला कुणी विचारलं नाही. मजुरी किती मिळते ते सगळे विचारतात.

पार्कचौक_कट्टा
हेच म्हणत होतो मी! आणि याला कायद्याची बाजू पण आहे. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याखाली अनेक राज्यांनी जे नियम केले त्यात साधारण पाच टक्क्यांच्या वर छाट काढू नये असं होतं. आता नियम एक आणि मुनीमाचं बोट एक, दोघांत अंतर किती हे मोजायचं, आणि उत्तर काय येईल ते आज आपल्याला सांगता येत नाही. असा विषय पाहिजे.

लॅबमधली
एवढंच सांगते, आमच्याकडं सायन्सला हा चॉईसच नसतो. गाईडचा प्रोजेक्ट ज्यावर चालू असेल आणि जे मशीन चालू असेल तोच विषय. डाळिंबाच्या तेल्या रोगावर काम करायचं होतं, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे ना, गावाकडची बाग पण घरची. मिळालं दुसरंच. तरी त्यातून पद्धत शिकले आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. विषय पटला पाहिजे हे जरा जास्तच चढवून ठेवलंय तुम्ही.

निवृत्त_गाईड
आमच्यावर बरंच तोंडसुख घेऊन झालं, आता दोन शब्द ऐका. साच्यातला विषय सगळाच वाया नसतो. धनंजयराव गाडगीळांच्या काळात गोखले इन्स्टिट्यूटनं सोलापूर शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, घरटी माणसं किती, कमवते किती, माग कुणाचे, असलीच रुक्ष माहिती. तेव्हा कुणाला त्यात थोर प्रश्न दिसला असेल असं वाटत नाही, पण आज गिरण्या बंद पडून गेल्यावर त्या आकड्यांची किंमत कळते. नीट केलेला साधा सर्व्हे पन्नास वर्षं टिकतो. अडचण विषयात नाही, टपरीवर फॉर्म भरण्यात आहे.

दुसरं, छाटेचा विषय मलाही आवडला, पण मी कमिटीत असतो तर पहिला प्रश्न विचारला असता, माहिती कुठून आणणार? मालक रजिस्टर दाखवत नाही. चौथ्या वर्षी हे विद्यार्थ्याला कळतं आणि मग तो रडत आमच्या दारात येतो, तुमच्या नाही. प्रश्नाइतकाच त्याचा पुरावा आपल्या हाताशी आहे का हे बघायचं असतं, उत्साहात ते कुणी बघत नाही.

पार्कचौक_कट्टा
सर, सर्व्हेचं मान्य, पण त्यांनी नमुना निवडून काम केलं, आपल्याकडं ओळखीच्या शंभर जणांना गाठतात आणि शंभरावर टक्केवारी काढायला सोपी जाते म्हणून शंभर घेतात. हे पण तुमच्याच सहीनं पुढं जातं ना?

निवृत्त_गाईड
जातं. आठ विद्यार्थी, वर नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली, प्रत्येकाच्या दारी जाऊन फॉर्म तपासणार कोण.

विडीघरकुलचा_पोरगा
रजिस्टरचं सर बरोबर बोलले, मालक दाखवणार नाही. पण रजिस्टर पाहिजेच कशाला? आईकडं वही आहे, पान किती दिलं, विड्या किती घेतल्या ते त्यात असतं, छाट लिहीत नाहीत. पण संध्याकाळी आल्यावर तिला तोंडपाठ असतं, त्याच दिवशी विचारलं तर. सहा महिन्यांनी "साधारण किती" विचारलं की मग गप्पा.

आणि अजून एक द्या कुणाला पाहिजे तर. कुंभारीला रे नगरात तीस हजार घरांची स्कीम, त्यातल्या पंधरा हजारांच्या चाव्या जानेवारी 2024 मधी मिळाल्या. तिकडं गेलेल्या बायकांची ब्रँच लांब पडली का, रिक्षाला पैसे किती जातात, का विडी सोडून दुसरंच काम धरलं? काही जणी गेल्या, काही अजून जुन्याच खोल्यांत आहेत, दोघींची तुलना आत्ता करता येईल, सगळ्या गेल्यावर नाही.

लॅबमधली
हा छाटेपेक्षा भारी आहे. आपोआप कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेला न गेलेल्यांचा गट, मिळतोय.

निवृत्त_गाईड
आपोआप नाही, कोण आधी गेलं आणि का गेलं ते बघावं लागेल. ज्यांच्याकडं हप्त्याचे पैसे होते त्याच आधी गेल्या असतील तर तुलना फसते. पण कामाचा आहे. छाट करायची तर निवडक तीस घरं घ्यावीत आणि रोज संध्याकाळी जाऊन नोंद करावी, पावसाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा, पान दोन्ही वेळी वेगळं असतं.

सीएचबी_मास्तर
तीस घरं, रोज संध्याकाळी, दोन सीझन. सकाळी तीन कॉलेजांत तास घेऊन. सर, पेट्रोलचं पण एक प्रकरण टाकायला सांगा सिनॉप्सिसमध्ये, फेलोशिप नसलेल्यांच्या विशेष संदर्भात.