मदत हवी आहे : अननसाच्या साली आणि शेंड्यांपासून व्हिनेगर व मुरघास

नमस्कार.

नाशिकच्या मखमलाबाद भागात आमचा अकरा जणींचा बचत गट आहे. आम्ही अननसाचा गर, जॅम आणि पाकातले तुकडे तयार करून आइस्क्रीमवाल्यांना देतो. फळ पंचवटीतील बाजार समितीच्या आवारातून येते आणि ते बहुतेक केरळचे, मॉरिशस जातीचे असते. मागच्या महिन्यात १०० किलो फळ घेऊन आम्ही प्रत्येक भाग वेगळा तोलला. शेंडे १३ किलो, साली ३२ किलो आणि मधला गाभा ८ किलो भरला. म्हणजे पैसे मोजून आणलेल्या मालातला निम्म्याहून जास्त भाग रोज घंटागाडीत जातो, आणि ती यायला उशीर झाला की दुपारपर्यंत शेडमध्ये माश्या घोंघावू लागतात.

उपाय शोधताना बरेच वाचले. अननसावरील संशोधन मोठे आहे, पण त्यातला मोलाचा भाग शेतात उरणाऱ्या पानांशी आणि बुंध्याशी निगडित आहे. फिलिपिन्समध्ये विणले जाणारे ‘पिन्या’ कापड पानांच्या धाग्याचे असते. ब्रोमेलेन या प्रथिने तोडणाऱ्या विकराचे तसेच आहे. व्हेनेझुएलाचे रसायनशास्त्रज्ञ व्हिसेंते मार्कानो यांना ते १८९१ मध्ये फळाच्या रसात आढळले, मात्र पक्व बुंध्यात ते भरपूर असते हे १९५७ मध्ये पुढे आले आणि तेव्हापासून उद्योगांचा भर बुंध्यावर राहिला. भाजलेल्या जखमेवरची मृत त्वचा काढणाऱ्या नेक्सोब्रिड या औषधाला युरोपात २०१२ मध्ये आणि अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली, तेही बुंध्यातल्या ब्रोमेलेनवरच आधारलेले आहे. बुंधा आणि पाने केरळच्या मळ्यात राहतात, नाशिकला येते ते फक्त फळ आणि त्याचा शेंडा.

तरीही सालीत ब्रोमेलेन असते का, हे आम्ही घरच्या घरी पाहिले. जिलेटिन हे प्रथिनच असल्याने ब्रोमेलेनने ते तुटते आणि घट्ट होत नाही; उकळल्यावर मात्र ब्रोमेलेन निकामी होते. म्हणून जिलेटिनच्या दोन वाट्या घेतल्या. थोड्या कोमट झालेल्या जिलेटिनमध्ये, एकीत सालीचा कच्चा रस घातला आणि दुसरीत तोच रस दहा मिनिटे उकळून, निववून घातला. सकाळी फ्रिजमधून काढल्यावर उकळलेल्या रसाची वाटी घट्ट लागलेली होती, तर कच्च्या रसाची पाण्यासारखी हिंदकळत होती. श्रीखंडात कच्चा अननस घातला की ते सैल पडून कडवट का होते आणि शिऱ्यासाठी शिजवलेल्या अननसाने तसे का होत नाही, हे त्या दिवशी गटातल्या सगळ्यांना पटले. पण विकर शुद्ध करणे आमच्या आवाक्यातले काम नाही, म्हणून तो विचार सोडला आणि व्हिनेगर व मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला ओला चारा) या दोनच वाटा धरल्या. दोन्हींत आम्ही अडलो आहोत.

व्हिनेगरसाठी साली व गाभा धुऊन, बारीक चिरून, पाण्यात चोळून गाळला. द्राक्षबाग असलेल्या माझ्या दिरांच्या रिफ्रॅक्टोमीटरवर (साखर मोजण्याचे साधन) हे पाणी ६ ब्रिक्स, म्हणजे सुमारे ६ टक्के साखर, दाखवत होते. साखरेचा मद्यार्क व्हावा म्हणून त्यात बेकरीचे यीस्ट घातले, आठ दिवसांनी मद्यार्काचे आम्ल करणाऱ्या जिवाणूंसाठी जुने व्हिनेगर मिसळले आणि तीन कॅनमध्ये फडके बांधून पाच आठवडे ठेवले. हे सगळे ऐन पौषातल्या थंडीत झाले. शेवटी आम्लता २.४ टक्के आली. नियमांप्रमाणे ब्रूड (आंबवून केलेल्या) व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ॲसेटिक आम्ल लागते, त्यामुळे हा माल विकता येत नाही. तीनपैकी एका कॅनवर कोरडा, सुरकुतलेला पांढरा पापुद्रा धरला आणि त्याला शिळ्या पिठासारखा वास येत होता. तो कॅन आम्ही ओतून दिला.

माझ्या समजुतीप्रमाणे मूळ साखरच कमी पडली. ६ टक्के साखरेतून कागदावर ४ टक्के आम्ल निघते, पण प्रत्यक्षात मद्यार्क उडून जाणे आणि यीस्टची स्वतःची वाढ यांत बरेच जाते. गूळ घालून १२ ब्रिक्सपर्यंत नेले तर रंग आणि वास बिघडेल का, की कमी पाण्यात साली चोळणे बरे? दुसरी शंका मोजणीची आहे. कॉस्टिक सोडा आणि फिनॉल्फ्थॅलिनने (रंग बदलून आम्ल संपल्याचे दाखवणारे द्रव्य) आम्ही मोजलेल्या आम्लतेत अननसाचे मूळचे सायट्रिक आम्लही धरले जाते, म्हणजे खरे ॲसेटिक २.४ पेक्षाही कमी असणार. आपल्या नाशिकच्या वायनरींमध्ये ऊर्ध्वपातन करून बाष्पशील आम्लता (वाफेबरोबर उडणारे, मुख्यतः ॲसेटिक आम्ल) मोजतात, आणि ती वाढू नये म्हणून तिथे जपतात. आम्हाला तीच वाढवायची आहे. अशा प्रयोगशाळेत काम केलेले कुणी इथे असतील तर बाहेरच्यांचे नमुने तपासून मिळतात का, हे कृपया सांगावे.

मुरघासाची अडचण वेगळी आहे. शेजारच्या दादांच्या दोन गायींना सुरुवातीला आम्ही ताज्या साली पाटीभर दिल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांचे शेण पातळ झाले. दादा काही बोलले नाहीत, पण मला फार वाईट वाटले, आणि तेव्हापासून ताज्या साली देणे बंद केले. बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेने अननसाच्या अवशेषांपासून मुरघास करण्याची पद्धत बसवली आहे. तिच्यात ओलावा सुमारे ६५ टक्के ठेवतात आणि त्यासाठी शेंड्यांचे प्रमाण सालींपेक्षा बरेच जास्त असते. आमच्याकडे नेमके उलटे आहे, साली जास्त आणि शेंडे कमी. सालीत ८५ टक्के आणि कडब्यात १० टक्के ओलावा धरला, तर १०० किलो सालींना जवळजवळ ३६ किलो कडबाकुट्टी लागते. एवढा कडबा विकत घेणे परवडत नाही. साली एक दिवस उन्हात सुकवून मग मुरघासाची बॅग भरली तर चालेल का? की त्या वेळात आंबून सगळा चारा बिघडेल? झाडांना एकाच वेळी फूल यावे म्हणून इथेफॉन हे रसायन फवारतात, त्याच्या अंशाबाबत सालींची तपासणी करून घ्यावी का, हेही पशुवैद्यकांनी सांगावे.

दुसऱ्या दिवशीची भर : उत्तर देणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार. पापुद्रा असलेल्या कॅनचे तोंड अरुंद होते का, असे एका ताईंनी विचारले आहे. होय, तोच कॅन अरुंद तोंडाचा होता आणि काठोकाठ भरलेला होता, बाकीचे दोन रुंद तोंडाचे होते. ॲसेटिक जिवाणूंना हवा लागते, हे वाचूनही भरताना माझ्या लक्षात राहिले नाही. आज १२ ब्रिक्सचे दोन घमेलेभर द्रावण रुंद पातेल्यांत लावले आहे, एकात गूळ आणि एकात साखर. दोन्ही पातेली भट्टीच्या भिंतीला लागून, उबेला ठेवली आहेत. मुरघासाच्या प्रश्नावर अजून कुणी लिहिलेले नाही. सिन्नर किंवा निफाडकडच्या ज्या दूध उत्पादकांनी मक्याशिवाय दुसऱ्या ओल्या मालाचा मुरघास केला असेल, त्यांनी बॅग किती दिवसांनी उघडली आणि गायींना सुरुवातीला किती किलो दिला, एवढे तरी जरूर कळवावे.