पावकी ते औटकी असलेली जुनी उजळणी (पाढ्यांचं पुस्तक) कुठे मिळेल? मदत हवी आहे

दिवेलागणीला शुभंकरोती झालं की आजोबा पाढे म्हणून घ्यायचे. शाळेत तीसपर्यंतच, घरी मात्र पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे पाढे, सगळं तोंडपाठ. किराण्याचं दुकान होतं ना! पावणेदोन किलो शेंगदाण्यांचे पैसे ते पुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता सांगायचे.

आता लेक चौथीत आहे, तिला हे शिकवायचंय. औटकीचे, म्हणजे साडेतीनच्या पाढ्याचे, आकडे येतात हो: साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. पण म्हणायची चालच आठवत नाही. बाजारातल्या गुळगुळीत अंकलिप्यांत नुसती चित्रं. औटकीपर्यंत छापलेली उजळणी पुण्यात कुठे मिळते? कुणाच्या घरी आजी-आजोबांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग असेल तर फारच उत्तम.